रोशनीचा निकाल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. एकदा बहिणीजवळ तोंड उघडलं होतं. तिने विचारलं, अगं, बोल ना, काय झालं? आणि मी म्हणाले, काही नाही, डोकं दुखतंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. यातही भित्रेपणाच आहे. मला कळतं ते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घर दिग्रसला, शाळा एका खेड्यात, बसने पाऊण तासावर. दर जूनमध्ये आम्ही शिक्षक गावात घरोघर फिरतो. आपलीच शाळा चांगली, लेकरांना दूर कशाला पाठवता, असं अंगणात उभं राहून सांगतो. आणि माझी सायली? तिला मी सहावीला दिग्रसच्या खाजगी इंग्रजी शाळेत घातलं. लोक मागे बोलले, काही तोंडावरही बोलले.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. हे तर सगळ्या गावाला माहीत आहे. आपल्या मुलीसाठी जी शाळा बरी वाटली ती निवडली, याची मला लाज वाटली असेल, पण त्यासाठी मी बारा वर्षं झोपेतून दचकून उठले नसते. सांगायचं आहे ते, ती जागा सायलीला मिळाली कशी.

रोशनी माझ्या पाचवीच्या वर्गात होती. सायलीच्याच वयाची. वडील गजाननभाऊ, कापूस आणि तुरीचं शेत, घरचं व्यवस्थित. ही मुलगी दिसेल ते इंग्रजी वाचायची — खताच्या पोत्यावरचं, ट्रकच्या मागचं, औषधाच्या बाटलीवरचं. चुकायची आणि स्वतःच हसायची. मग पुन्हा वाचायची. वर्गात प्रश्न विचारला की तिचा हात आधीच वर असायचा. खरं सांगू? तिला शिकवताना मला आपण फार चांगल्या शिक्षिका आहोत असं वाटायचं.

पाचवीच्या शेवटी गजाननभाऊ शाळेत आले. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले.

"मॅडम, पोट्टीले दिग्रसच्या त्या इंग्रजी शाळेत टाकाव म्हनतो. तुमाले काय वाटते? तुमी हो म्हनसान तं टाकतो. आमाले त्यातलं काई समजत नाई."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले, हे मात्र खरं आहे. सायलीचा अर्ज मी भरलेलाच होता, रोशनीचाही मीच भरला. फोन नंबराच्या रकान्याशी थांबले तर ते म्हणाले, "तुमचाच टाका. मी वावरात राह्यतो, तिथं रेंज नाई. अन् ते इंग्रजीत बोलले तं मी काय सांगू त्याइले?"

मी माझा नंबर लिहिला.

सहावीत दोनच जागा रिकाम्या होत्या. परीक्षेला पुष्कळ मुलं आली होती. रोशनीने दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या, लाल रिबिनी लावून. सायलीने आणि तिने एकाच बाकावर बसून डबा खाल्ला. परत निघताना गजाननभाऊ म्हणाले, निकाल लागला की सांगा, तुमी तिथंच राह्यता. मी म्हणाले, सांगते ना.

चार दिवसांनी दुपारी फोन आला. त्या शाळेच्या ऑफिसातून. रोशनीचं नाव घेऊन ते गृहस्थ म्हणाले, पहिला नंबर आहे, अभिनंदन, शनिवारपर्यंत कागदपत्रं आणून प्रवेश पक्का करा. मला आनंद झाला. खरंच झाला — मी शेजारच्या खोलीत सायलीला ओरडून सांगायलाही निघाले होते. मग मी विचारलं, आणि माझी मुलगी? ते म्हणाले, तिसरी आहे मॅडम. दुसऱ्या नंबरची मुलगी प्रवेश घेऊन गेली. पहिली आली नाही, तर तुमच्या मुलीचा विचार होईल.

बस. एवढंच वाक्य.

त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं. मी दोन दिवस काही केलंही नाही. शाळेत गेले, शिकवलं, रोशनी समोरच्या रांगेत बसलेली. मी तिच्याकडे न बघता शिकवत होते. त्या दोन दिवसांत मी स्वतःला काय काय समजावलं, ते सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. एवढी लहान मुलगी रोज बसने कशी येणार? इंग्रजी शाळेत गांगरून जाईल. हुशार आहे, कुठेही शिकेल. आपल्याच शाळेचा पट कमी होतो आहे, एक चांगली मुलगी राहिली तर बरंच. यातलं एकही कारण सायलीचा निकाल कळायच्या आधी मला कसं सुचलं नव्हतं?

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात फोन केला. मी म्हणाले, "ते लोक येणार नाहीत. शेतकरी माणसं आहेत, मुलीला बाहेर पाठवायला मन होत नाही त्यांचं."

ते गृहस्थ म्हणाले, हो, असंच असतं इकडे. त्यांना ते लगेच पटलं. ज्या माणसाने टोपी हातात घेऊन मुलीसाठी मला विचारलं, त्याच्याबद्दल हे मी बोलले होते. आणि त्यांना ते पटलं.

सायलीचा प्रवेश शनिवारी झाला.

सोमवारी रोशनी शाळेच्या फाटकाशीच उभी होती. तिने माझी पिशवी हातात घेतली, नेहमीसारखी. विचारलं, "मॅडम, माहा नंबर लागला?"

नाही, असं म्हणून मी थांबू शकले असते. जागाच कमी होत्या, असं म्हणता आलं असतं. पण तिने पुढे विचारलं, "काहून नाई लागला?" आणि मी — का, ते मला आजही सांगता येत नाही — मी म्हणाले, "इंग्रजीत कमी पडलीस गं."

तिने मान डोलावली. रडली नाही. पिशवी वर्गात नेऊन टेबलावर ठेवली. संध्याकाळी गजाननभाऊ भेटले, म्हणाले, जाऊ द्या मॅडम, तुमी लय धावपळ केली आमच्यासाठी. दिवाळीनंतर त्यांनी तुरीच्या शेंगांची थैली पाठवली. मी ती घेतली. शेंगा उकडल्या, आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या.

आमची शाळा सातवीपर्यंत. रोशनी आणखी दोन वर्षं माझ्यासमोर होती. इंग्रजीच्या तासाला तिचा हात वर येईनासा झाला. आधी मला वाटलं, रुसली असेल, येईल ताळ्यावर. मी मुद्दाम तिला उठवायची, वाच म्हणायची. ती वाचायची, पण दबक्या आवाजात, प्रत्येक शब्दाआधी माझ्याकडे बघत — बरोबर आहे का, म्हणून. चुकली की हसायची नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बस म्हटलं तर म्हणाली, "मले नाई जमत मॅडम." मी आग्रह केला नाही. आग्रह कोणत्या तोंडाने करणार होते?

पुढे गावातच दहावी, बारावी. इंग्रजीत जेमतेम पास. मग लग्न झालं, मुकुटबनला दिलं तिला.

सायलीचं चांगलं झालं. ती शिकली, पुण्याला नोकरीला लागली, सुखात आहे. तिचं काही बिघडलं असतं, तर मी म्हटलं असतं, बघ, फेडलं. पण असं काही झालं नाही. माझ्या मुलीला त्या शाळेने खरंच पुष्कळ दिलं. जे दिलं ते कोणाचं होतं, हे तिला माहीत नाही. तिने काय चूक केली, की तिला सांगावं? आणि न सांगण्याचं हे कारण तरी खरं आहे का? की तिच्या नजरेत मला लहान व्हायचं नाही, एवढंच?

गेल्या उन्हाळ्यात वणीला नात्यातल्या लग्नाला गेले होते. दुसऱ्या दिवशी ठरवून मुकुटबनची बस धरली. सांगायचंच, असं ठरवून. रोशनीने मला दारातच ओळखलं, पाया पडली, नवऱ्याला शेतातून बोलावून आणलं. "ह्या माह्या मॅडम. माह्यासाठी लय केलं यायनं." तिची दोन वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली.

नवरा पुन्हा शेतात गेल्यावर आम्ही दोघीच होतो. मी मनात वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने पाहिला आणि वाजू दिला.

"घे ना," मी म्हणाले.

"बँकेचा असन मॅडम. इंग्रजीत बोलते थे बाई. मी उचलतच नाई." मग हसली, थोडी ओशाळून. "माहं इंग्रजी पयल्यापासूनच कच्चं. तुमाले तं माहीतच हाये."

हीच ती वेळ होती. यापेक्षा सोपी वेळ मला कोणी दिली नसती. ती माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणाले, "हो, माहीत आहे."

चहा प्यायले. तिने मुलीला कडेवर घेऊन मला बसस्टँडपर्यंत सोडलं, खिडकीशी उभी राहिली, पुन्हा या म्हणाली. मी या वेळी पंचावन्न वर्षांची होते. घाई नव्हती, जागेचा प्रश्न नव्हता, सायलीचं काही अडलेलं नव्हतं. तरी मी तेच केलं.