मोटारसायकलचा रॅम्प

रहाटणीतलं आमचं घर तळमजल्यावर, पण बिल्डिंगच्या दारात तीन पायऱ्या. अपघातानंतर मी व्हीलचेअरवर आले आणि त्या तीन पायऱ्यांचा डोंगर झाला. शेजारचे दोन भाऊ मला खुर्चीसकट उचलून खाली ठेवायचे. "ताई, वजन वाढलं बरं का," अशी चेष्टाही करायचे. माणसं सोन्यासारखी, पण दोघंही चाकणच्या कंपन्यांत. ते फर्स्ट शिफ्टला गेले की मी दुपारपर्यंत घरात. साधी कोथिंबीर आणायची तर दोन पुरुष मोकळे हवेत, याचा मला भयंकर राग यायचा. आणि तो काढणार कुणावर, उचलणाऱ्यांवर?

शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी रॅम्प मागितला.

"अहो, ही दोघं आहेत की!" चेअरमन म्हणाले.

"तुम्हाला रोज असं उचलून नेलं तर चालेल?"

रॅम्प मंजूर झाला.

दोघं मूळचे बीडकडचे, त्यातला एक फॅब्रिकेशनवाला. त्यानं रविवारी लोखंडी पत्र्याचा रॅम्प वेल्ड केला. आता आमच्या भागात रॅम्प म्हणजे मोटारसायकल घरात घ्यायची घसरगुंडी, दारोदार दिसते. त्यानं हौसेनं तीच बनवली. चेअरमननी आपली गाडी फर्रकन वर चढवून उद्घाटन केलं. टाळ्या पडल्या.

"बघितलं का ताई, कसा लोड घ्यायलाय!" फॅब्रिकेशनवाले भाऊ म्हणाले.

"गाडीला इंजिन असतं, भाऊ. मला हात आहेत. बसा खुर्चीत."

मी पायरीवर सरकले, भाऊ खुर्चीत बसले. चाकांना दोन हिसके दिले, आणि खुर्ची उलटी निघाली ती थेट चेअरमनच्या पोटावर. सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त. भाऊ मात्र हसले नाहीत.

"मागं कोण धरलंय तेच दिसंना, ताई. लई भ्या वाटलं."

"मला उचलता तेव्हा रोज वाटतं," मी म्हटलं. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी रॅम्प लांबला, चढ सौम्य झाला, कठडा आला. त्यात चेअरमनच्या गाडीची जागा गेली. तोंड कारल्यासारखं झालं त्यांचं, पण गाडी हलवली.

सोमवारी दोघंही फर्स्ट शिफ्टला होते. मी एकटी उतरले, कोपऱ्यावरून कोथिंबीर घेतली, दम खात एकटीच वर आले. ओट्यावर आदल्या दिवशीची जुडी तशीच पडली होती.

मग मी पुदिना आणायला पुन्हा खाली गेले.