विनूचे तीन सामने राहिले

विनू आज सकाळी मैदानावर पळता पळता मेला.

'आपल्यातून निघून गेला' वगैरे मला लिहिता येत नाहीये. एकतीस वर्षांचा होता. निघून कुठे जाणार होता?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : विनू आमच्या म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीच्या घरमालकीणबाईंचा मुलगा. बंगळुरूच्या एका फुटबॉल क्लबचा पगारी डिफेंडर. खाली ते मायलेक, वर मी. नोकरीसाठी नाशिकहून आले तेव्हा वाटलं होतं, इथे मराठी कानावरही पडणार नाही. पण काकूंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, मूळचे रंगारी. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड.

पहिल्याच दिवशी विनू मला 'अक्का' म्हणाला, म्हणजे ताई, आणि माझा सिलिंडर खांद्यावर टाकून वर आणून दिला.

दोन वर्षांपूर्वी एका सामन्यानंतर धक्काबुक्की झाली. लाइन्समन सिमेंटच्या पायरीवर पडला. कित्येक दिवस आयसीयूत होता.

तो व्हिडिओ मी पन्नास वेळा तरी पाहिलाय. एका बाजूने बघितलं तर विनू त्याला ढकलतोय. दुसऱ्या बाजूने बघितलं तर सावरतोय.

शेवटी त्यालाच विचारलं.

"ढकलला, अक्का. जोरात नाही. पण ढकलला हौदु." हौदु म्हणजे हो.

लीगने आठ सामन्यांची बंदी घातली. पोलिसांनी उचललं. जामीन काही मिळेना. वर्षभर आत.

त्याच काळात क्लबचा करार संपत आला. मॅनेजर भला माणूस, त्याने घरी फॉर्म पाठवला. विनूची नुसती सही हवी होती, नाव रजिस्टर राहिलं असतं. काकू तो फॉर्म आणि लीगचं पत्र घेऊन वर आल्या.

"तू शिकलेली, बघ की जरा. सही घ्यायची, का बेडा?"

मी एचआरमध्ये आहे. पॉलिसी वाचणं हेच माझं काम. पत्राचं पहिलं पान वाचलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "नको काकू. तो बाहेर येईपर्यंत आठ सामने कधीच होऊन गेलेले असतील. उगाच त्या क्लबला कशाला बांधून घ्यायचं? मोकळा असू दे."

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की खेळाडू ज्या क्लबकडे रजिस्टर असेल, त्याच क्लबचे सामने बंदीत मोजले जातील. रजिस्टर नसेल तर एकही नाही.

कोर्टाने आत काढलेलं वर्ष हीच शिक्षा धरली आणि सोडलं. कोर्टाचं संपलं. लीगचे आठच्या आठ शिल्लक.

तुरुंगातून आलेला आणि वर आठ सामने नुसता बसून राहणारा डिफेंडर कोण घेणार? मोठ्या क्लबांनी फोनच उचलले नाहीत. शेवटी इथल्याच एका छोट्या क्लबने, लीगमध्ये नवीनच होते ते, घेतलं.

"आठ अजून आहेत म्हणतात की, अक्का. तुम्ही तर संपतील म्हणून सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "नियम बदलला रे मधे."

इतकं सहज. मला स्वतःलाच कळलं नाही.

"असेल," म्हणाला, आणि माझ्याच हातचा चहा पिऊन खाली गेला.

आत पळायला जागा नव्हती. आला तो पोट सुटलेला, दोन जिने चढला की धापा टाकणारा. पहिल्या प्रॅक्टिसला कोचने शिट्टी वाजवली, तर हा बॉल सोडून रेषेवर जाऊन ताठ उभा राहिला.

आत शिट्टी म्हणजे मोजणी असायची.

सगळे हसले म्हणे. हे त्यानेच मला सांगितलं. सांगताना मात्र हसत नव्हता.

बंदीवाल्याला ड्रेसिंग रूममध्येही जाता येत नाही. प्रेक्षकांत बसायचं. एका सामन्याला मी सोबत गेले होते. मॅचपेक्षा मी त्याच्याकडेच बघत होते. खुर्चीत बसून त्याचे पाय खाली चालूच.

पाच झाले. तीन राहिले होते. त्या तीनच्या आत पहिल्यासारखं व्हायचं म्हणून सकाळ-संध्याकाळ पळायचा. मी गॅलरीतून बघायचे आणि म्हणायचे, वा, बरं चाललंय.

डॉक्टर म्हणाले, हृदय. कधीही झालं असतं.

कधीही म्हणजे काय?

त्याने ढकललं नसतं तर? फॉर्मवर सही झाली असती तर? आठही सामने तो आत असतानाच मोजले गेले असते. मग इतकी घाई नसती. मग पळाला नसता. की पळालाच असता? सकाळपासून हेच चाललंय डोक्यात, आणि काही म्हणजे काही कळत नाहीये. कुणावर तरी चिडावं म्हटलं तर तेही जमत नाहीये, आणि न चिडता मला रडता येत नाही, हे ओळखणारे ओळखतात.

दुपारी तो लाइन्समन आला होता. एका कानाने त्याला अजून ऐकू येत नाही. काकूंसमोर हात जोडून उभा राहिला. काकूंनीही हात जोडले. कोण कुणाची माफी मागत होतं कोण जाणे. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

सगळे गेल्यावर काकूंनी मला जवळ बसवलं.

"मनीषा, त्या तीन मॅच. आता नाहीत की?"

"नाहीत काकू. संपलं ते सगळं."

"संपलं म्हणून लिहून देतील का? त्याच्या नावावर बंदी म्हणून राहायला नको. तू एक लेटर लिही."

आज संध्याकाळी लीगची सगळी नियमावली वाचून काढली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. खेळाडू मेला तर उरलेल्या सामन्यांचं काय, हे कुठेच लिहिलेलं नाही.

तरी पत्र लिहिणार आहे. काय लिहायचं ते माहीत नाही.

विनू, नियम बदलला नव्हता रे. मी दुसरं पान वाचलंच नव्हतं. तुला सांगायचं राहून गेलं असंही नाही. रोज समोर होतास. मी सांगितलं नाही.

सावकाश जा. पळू नकोस.

— तुझी अक्का