दोन रिंग, कट, परत रिंग

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. इतरांचे अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात हसायचे. आज मात्र स्वतःच लिहायला बसलेय... शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

साताऱ्यात मी आणि आई राहतो. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. सांगलीजवळचं माधवनगरचं आमचं घर बाबा गेल्यापासून बंद आहे. बाबा आर्मीतून रिटायर झाले होते.

मी अनोळखी नंबर उचलत नाही. परक्या माणसाशी बोलणं मला जमतच नाही. म्हणून बाबांनी एक खूण ठरवली होती — कुठल्याही फोनवरून दोन रिंग द्यायच्या, कट करायचा, लगेच परत लावायचा. म्हणजे बाबा. आम्हा तिघांशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात ऑफिसात डबा खाताना फोन वाजला. दोन रिंग... कट... परत. मी न बघताच उचलला.

"हां बाबा —"

"बाबा न्हाई मॅडम, रिकव्हरीवाला. माधवनगरच्या लँडलाइनचं जुनं बिल ऱ्हायलंय तुमचं."

ते बिल आम्ही पार विसरलो होतो. मी कसंबसं म्हटलं, "ते बाबांच्या नावावर होतं. बाबा वारले."

तो हसला. "वसुलीचा फोन गेला की सगळ्यांचेच वडील वारल्याले असत्यात! परवाच भेटलो की त्यास्नी. व्हरांड्यात बसले हुते. पाणी दिलं मला, तुमचा नंबर बी दिला. म्हणाले, पोरगी तसा फोन उचलत न्हाई, दोन रिंग दे, कट कर, मग लाव."

मी डबा बाजूला सरकवला.

"भरताय न्हवं? न्हाईतर साताऱ्याला येतो, आईसाहेबांशी बोलतो."

आई आत्ता कुठे सावरली होती. दारात येऊन हा माणूस तिला 'तुमचे मिस्टर भेटले' म्हणाला असता तर... मी घाईने म्हटलं, "रविवारी माधवनगरला येते. तिथेच भरते." बंद घरात कुणीतरी घुसून राहतंय, असंच मला वाटत होतं. आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं.

भर दुपार होती. तो बाइकवर टेकून वाट बघत होता. व्हरांड्याच्या ग्रिलचं कुलूप इतकं गंजलं होतं की किल्ली फिरेना. त्यानेच डिकीतून तेलाची बाटली काढून दोन थेंब सोडले, तेव्हा कुठे उघडलं. तो त्या गंजक्या कुलपाकडे बघत राहिला.

"मॅडम... त्या दिवशी हे सताड उघडं हुतं."

आत सगळीकडे धूळ. फरशीवर फक्त आमचीच पावलं उमटत होती. आणि खिडकीत स्टीलचा एक ग्लास, धुऊन उपडा घातलेला. लख्ख. पाणी प्यालं की ग्लास धुऊन उपडा घालायचा, ही बाबांची फौजेतली शिस्त.

"ह्याच ग्लासातनं प्यालो मी," तो पुटपुटला.

मी मोबाइलमधला बाबांचा फोटो पुढे केला. "हे का?"

"व्हय. हेच काका."

"तीन वर्षं झाली त्यांना जाऊन."

या वेळी तो हसला नाही. "ऑनलाइन भरा मॅडम," एवढंच म्हणाला आणि निघाला. हेल्मेट तिथेच राहिलं. ते न्यायला त्याचा अजून फोनही आलेला नाही.

मी तिथेच उभ्या उभ्या बिल भरलं. वाटलं, संपलं.

कुणी म्हणेल, एजंट खोटारडा होता. असेलही. पण मग ती खूण? तो ग्लास? इथेच थांबणार होते, पण काल संध्याकाळी...

आई कणीक मळत होती. माझा मोबाइल ओट्यावर होता. अनोळखी नंबर. दोन रिंग झाल्या, थांबल्या. मी जागची हलले नाही. परत वाजायला लागला. बिल तर भरलंय, मग आता कोण? आईला काही कळू नये म्हणून मी आवाज बंद करायला हात पुढे केला.

तिने मान वर केली नाही. परातीत हात तसेच फिरत राहिले.

"उचल गं," ती म्हणाली. "माझ्या फोनवर येतो तेव्हा मी उचलते की."