नमुना टँकरमधून घेतला होता

त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला सहकारी साखर कारखान्याचा टँकर पाणी पुरवीत असे. सिरसाळ्याचा डांबरी रस्ता सोडून तो वळला की धूळ उठायची आणि बायका निघायच्या. पण घागरी टँकरखाली कधीच लागत नसत. ड्रायव्हरला खेपा उरकायच्या असत, म्हणून तो ओढ्याकाठच्या आटलेल्या विहिरीत पाइप सोडून सगळे पाणी ओतून जाई. मग अख्खे गाव दोर-बादल्यांनी तेच पाणी पुन्हा वर काढी. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करीत होते, तरी यात काही चुकते आहे हे कळायला वहिनीचे डोळे पिवळे व्हावे लागले. त्याचा राग मला आजही आधी स्वतःवर येतो.

वहिनी माझ्या चुलतभावाची बायको. तिला आठवा महिना लागला होता. गावातल्या डॉक्टरांनी ‘उन्हाची कावीळ’ असे निदान करून उसाचा रस सांगितला. प्रबंधासाठी मी तेव्हा वसाहतकाळातले वैद्यकीय अहवाल वाचत होते. पटकी असो, ताप असो, साहेब डॉक्टरांचे बोट फिरून फिरून दोनच गोष्टींवर येई: इथली उष्ण हवा आणि इथल्या माणसांच्या सवयी. हवेला जाब विचारता येत नाही, हीच त्या कारणाची सोय होती. साहेब गेले आणि सोय आम्ही ठेवून घेतली.

दुष्काळ निर्दोष होता असे मी म्हणत नाही. त्याचा दोष फक्त वेगळ्या वाटेने चालत होता. संडासात ओतायला पाणी नव्हते, म्हणून लोक पुन्हा ओढ्यात बसू लागले. बादल्यांचे दोर त्याच मातीत लोळत आणि विहिरीत उतरत. पाण्यातून पसरणारी कावीळ शेवटच्या महिन्यांतल्या बाईला इतरांपेक्षा फार सहज मारते, हे मला पाठ होते. भावाच्या मागे लागून मी वहिनीला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात हलवले आणि गावी परतून ग्रामपंचायतीत पाणी-तपासणीचे कागद मागितले.

प्रत्येक कागदावर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा होता. पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला मी विचारले, नमुना कुठून घेता? तो अजिबात ओशाळला नाही.

“टँकरच्या पाइपातून. हिरीतलं नापास होतंय ना ताई. नापास झालं की नोटीस मला येती, हिरीला न्हाई.”

मी विहिरीतले पाणी स्वतः बाटलीत भरले आणि बीडच्या प्रयोगशाळेत दिले. अहवाल ‘अयोग्य’ आला. तो घेऊन काकांकडे गेले. काका म्हणजे वहिनीचे सासरे, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीचे गटसचिव. कारखान्याच्या चेअरमनकडे खेटे घालून टँकर त्यांनीच मिळवला होता. टँकर विहिरीत न ओतता गल्लीत उभा करा, एवढेच माझे म्हणणे होते. त्यांनी कागद वाचला, घडी घालून टेबलाच्या काचेखाली सरकवला.

“फुकटच्या पाण्याला नावं ठिवतीस व्हय? उद्या बंद केला तर पाजशील का तुज्या बाटलीतनं?”

बसलेले चौघे हसले. मी जिल्हा परिषदेत अर्ज दिला; त्याची पोच तेवढी मिळाली. गल्लीत आणखी दोघांना कावीळ झाली. टँकर विहिरीतच रिकामा होत राहिला.

वहिनी वाचली. पोटातले मूल वाचले नाही.

ती घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका तेच सांगत: उन्हाने घात केला. लोक मान हलवीत, आभाळाकडे बघत. एका दुपारी अशीच माणसे ओसरीवर बसली होती. सासऱ्यांसमोर कधी चढ्या आवाजात न बोललेली वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता.

“मामा, ऊन तर दरसाल असतंय. तलवाड्याला माज्या माहेरीबी हेच ऊन हाय. तिथं कुनाची कूस कावून रिकामी झाली न्हाई?”

महिनाभर डॉक्टर, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद यांपैकी कोणीही न विचारलेला प्रश्न सातवी शिकलेल्या बाईने विचारला होता. तुलना करण्याजोगी दोन गावे, ऊन सारखे, पाणी वेगळे. काका उठले. चपला पायात घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा ते विहिरीवर उभे होते. ड्रायव्हरने खेपांची तक्रार केली. त्यांनी पाइप हातातून सोडला नाही. टँकर गल्लीत आला, घागरी पहिल्यांदाच थेट पाइपाखाली लागल्या. एका बाईने मला म्हटले, “तुज्या काकांनी गावाचं भलं केलं बघ.” हे करायला एक दुपार पुरली होती, आणि माझा कागद महिनाभर त्यांच्या काचेखाली होता. माझी घागर भरून मी वहिनीची लावली. तिला अजून ओझे उचलवत नव्हते.