करप्याच्या दिवसांतलं लग्न

चंदनसारच्या एका लग्नात माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ सारखे उठून दारातून आभाळ बघून येत होते. नाव मी विचारलंच नाही.

"निर्मळला वाडी हाय. टोमॅटोच्या पानांवर करपा आलाय," ते म्हणाले. "सकाळीच फवारनी केली. आता पानी पडलं तर सगळं औषध धुवून जाईल."

थोड्या वेळाने अवकाळी सर आलीच. ते तडक फाटकाकडे निघाले. तेवढ्यात गुरुजींनी मुलीच्या मामांना हाक मारली. मामा हेच होते.

ते थबकले. "फवारनी परत करता येईल," असं पुटपुटत भाचीच्या मागे जाऊन उभे राहिले.

शेवटच्या अक्षता पडल्या, बँड सुरू झाला. त्यांनी लांबूनच मला खुणेनं विचारलं, पाऊस थांबला का?

मी होकारार्थी मान हलवली. बाहेर सर वाढली होती.