कौसानीची मेंढी आणि आबांचा उजवा हात

आधीच सांगून ठेवते. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढं मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

मी विज्ञानाची शिक्षिका. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला माझी सगळी नोकरी गेली. भानामती, करणी, अंगात येणं — यातलं काहीही मी कधी मानलं नाही आणि आजही मानत नाही. नारळातून केस काढणं, पाणी शिंपडून आग पेटवणं, हे सगळे 'चमत्कार' मी शाळेच्या व्हरांड्यात पोरांना स्वतः करून दाखवलेत. गावात एका पोरीसाठी मांत्रिक आणला होता, त्याला चार लोकांत झापून एसटीत बसवून देणारी बाईही मीच. मागं याच सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की असले अनुभव सांगणारे एकतर वेडे असतात नाहीतर खोटारडे. बरं... मग मी यातली कोण, ते वाचून ठरवा!

आम्ही हटकर. माझे वडील, आबा, यांचा जन्मच मेंढरांमागं गेला. गोरेगावपासून जवळच आमचं गाव, थोडी कोरडवाहू जमीन आणि शंभराच्या आतबाहेर मेंढरं. आई गेली आणि वर्षाच्या आत आबांच्या अंगावरून वारं गेलं. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, उजवा हात मात्र राहिला तो राहिलाच. बोटं मिटायची नाहीत. पाण्याचा तांब्या धरता यायचा नाही. सदऱ्याच्या बाहीत तो हात मीच घालून द्यायची.

त्यावर्षी पावसाळ्याच्या शेवटी एक मेंढी अडली. पोटात कोकरू अडकलं होतं. अशा वेळी हात घालून कोकरू सोडवावं लागतं आणि आबांचा त्यात हातखंडा होता, लांबलांबचे मेंढके त्यांना बोलवायला यायचे. त्या दिवशी आबांनी डाव्या हातानं खूप प्रयत्न केला. जमलं नाही. मेंढीही गेली, कोकरूही गेलं.

त्यानंतर आबा मेंढरांकडं फिरकले नाहीत. जेवण निम्म्यावर आलं, बोलणं तर बंदच. माझा मोठा भाऊ, दादा, याचं हिंगोलीला बी-बियाणांचं दुकान. त्यानं ठरवून टाकलं, की दिवाळी झाली की कळप विकायचा. तो काही वाईट नाही हो... त्यालाही दिसत होतं, की आबांना आता झेपत नाही. पण मला एकच भीती होती. कळप गेला की आबाही जाणार. हे मला स्वच्छ दिसत होतं आणि माझ्याकडं त्यावर काहीही इलाज नव्हता.

तेवढ्यात औंढ्याच्या बालाजीभाऊंच्या टूरचं पत्रक हाती आलं. 'प्राचीन मंदिरं आणि हिमालयातला सूर्योदय', दिवाळीच्या सुट्टीत. ही दोन हजार चार-पाच सालची गोष्ट, तेव्हा त्या राज्याला उत्तरांचल म्हणायचे. मी म्हटलं, चला आबा. दादा म्हणाला, "अगं वेडी झाली का? थंडीनं मरतील ना ते तिथं!" मी म्हटलं, "इथं काय जगून राहिलेत?"

नांदेडहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, तिथून जीप. अल्मोड्याजवळ जागेश्वरला गेलो. देवदारांच्या दाट रानात दगडी देवळांचा मोठा समूह, इतकी जुनी आणि इतकी देखणी देवळं, की मी कॅमेऱ्याचं अर्धं रीळ तिथंच संपवलं. तिथले पुजारी सांगू लागले, की बारा ज्योतिर्लिंगांमधला असली नागेश हाच.

झालं! औंढा नागनाथच्या अंगणात वाढलेली माणसं आम्ही. जीपमधले सगळे एकमेकांकडं बघू लागले. आणि इतके दिवस मुके झालेले आबा एकदम पुढं सरसावले.

"असली? असली आमच्या औंढ्याला हाय! हे कवापासून असली झालं?"

पुजारी हसून स्तोत्रातल्या 'नागेशं दारुकावने'चा दाखला देत म्हणाले, "बाबाजी, दारुक वन यही है। ये देवदार देखिए।"

"झाडं दाखवून देव ठरतो काय?" आबा मराठीतूनच भांडत होते. "आमच्याकडं या म्हणावं, म्या दाखवतो नागनाथ!"

बालाजीभाऊंनी कसंबसं त्यांना बाजूला घेतलं. आबांनी तिथं मान लववली नाही ती नाहीच, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. वसमतच्या एक काकू आमच्यासोबत होत्या, त्या मला म्हणाल्या, "असं देवाच्या दारात बोलू नये हो." मी म्हटलं, "काकू, बोलले ना! मला तेवढं बास आहे." खरंच, मला इतका आनंद झाला होता, की मी तिथल्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

मग कौसानी. उतारावर एक साधं लॉज, मालक बिष्टजी. पुढं मोठी गच्ची, तिच्यासमोर खोल दरी आणि पलीकडं त्रिशूल, नंदादेवीची रांग. पहाटे सगळ्यांना उठवून गच्चीवर उभं केलं. सगळ्यांनी भाड्यानं जाकिटं घेतलेली, आबांनी मात्र आपली काळी घोंगडी. पूर्वेकडं जरासं फटफटत होतं, खाली दरीत धुकं भरलेलं. लोक कॅमेरे सरसावून बसले होते.

आबांनी माझा दंड धरला. "पोरी, ऐकून राहिली का?"

"काय?"

"मेंढी अडली."

मी कान दिला. आणि मला ऐकू आलं. आता हे नीट वाचा — मला ऐकू आलं. मेंढरांत वाढलेल्या माणसाला चारा मागणारी मेंढी, कोकरू हरवलेली मेंढी आणि अडलेली मेंढी यांच्या आवाजात कधी गफलत होत नाही. अडलेली मेंढी कण्हते, मध्येच दात खाते, मग एकदम लांब ओरडते. तोच आवाज, गच्चीच्या डाव्या अंगानं, खालच्या झाडीतून. शेजारी उभ्या वसमतच्या काकूंना मी विचारलं, "तुम्हाला काही ऐकू येतंय?" त्या म्हणाल्या, "नाही बाई, कानाला मफलर आहे."

तोवर आबा पायऱ्या उतरूही लागले होते. शहाणा माणूस अनोळखी डोंगरात, त्या अंधुक उजेडात, निसरड्या पायवाटेनं जाईल का? पण अडल्या मेंढीचा आवाज ऐकून मेंढका गच्चीवर उभा राहून सूर्योदय बघेल, हे व्हायचं नाही. मी बॅटरी घेऊन मागं धावले.

चीडच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांखाली एक सपाट जागा होती. तिथं ती पडली होती. पांढरी, तोंड काळं, शिंगं मागं वळलेली, आमच्या दख्खनी मेंढीपेक्षा लोकर कितीतरी लांब. कोकराचा एकच पाय बाहेर आलेला. आबा गुडघ्यावर बसले, घोंगडी बाजूला टाकली, डाव्या हातानं तिची मांडी दाबून धरली.

"व्हय माय, व्हय... दम धर जरा," असं म्हणत आबांनी उजवा हात आत घातला.

उजवा!

मी बॅटरी धरून उभी होते. माझ्या डोळ्यांपुढं, हातभर अंतरावर. कळ आली की थांबायचं, कळ ओसरली की पाय आत लोटून दुमडलेला दुसरा पाय शोधायचा, मग मागं वळलेलं डोकं सरळ करायचं. त्या हाताची बोटं तांब्या धरू शकत नव्हती हो! मी ओरडले, "आबा, हात!" तर त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बॅटरी खाली धर," एवढंच म्हणाले.

कोकरू सरकन बाहेर आलं. आबांनी त्याच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून झुलवलं, नाकात फुंकर मारली. क्षणभर काहीच नाही... आणि मग ते ओरडलं. लहानसं, चिरकं. मला रडूच फुटलं. तो वास अजून माझ्या नाकात आहे, ओल्या लोकरीचा आणि विण्याच्या पाण्याचा.

त्याच वेळी वर गच्चीवर लोकांचा गलका झाला. मी मान वर केली. झाडांच्या फटीतून त्रिशूलाचं टोक लालभडक झालेलं दिसलं. बस, तेवढंच बघितलं. मान खाली केली तर मेंढी नाही. कोकरू नाही. आबा पालापाचोळ्यावर हात पुसत होते.

"गेली कुठं?" मी विचारलं.

"म्या हात पुसून राहिलो व्हतो," आबा म्हणाले. आणि माझ्यासमोर तो हात हळूहळू उतरत गेला, बोटं सैल पडली, आणि पुन्हा पूर्वीसारखा लोंबू लागला.

आता तुम्ही म्हणाल, भास. ठीक आहे. मग आबांची उजवी बाही कोपरापर्यंत रक्तानं आणि चिकट पाण्यानं भिजली होती, ती गच्चीवर सगळ्यांनी बघितली त्याचं काय? बालाजीभाऊंना वाटलं आबा पडले. अंगभर तपासलं, एक ओरखडा नाही. माझे दोन्ही हात कोरडे.

बिष्टजी म्हणाले, "दीदी, इधर भेड़ कहाँ? पहले भोटिया लोग इसी रास्ते से भेड़ लेकर उतरते थे, अब तो बरसों से कोई नहीं आता।" मी त्यांना हाताला धरून खाली नेलं. चांगलं उजाडलं होतं. सपाट जागा तीच, आबांची घोंगडी तिथंच. पण लोकरीचा एक धागा नाही, एक लेंडी नाही, खुराचा ठसा नाही. आणि व्यालेली मेंढी कोकरू चाटल्याशिवाय, वार पडल्याशिवाय अशी उठून जात नसते. ते कोकरू तर अजून उभंही राहिलं नव्हतं. पलीकडं सरळ कडा होता. मी वाकून वाकून बघितलं.

वसमतच्या काकूंनी लगेच निकाल देऊन टाकला, जागेश्वराचा चमत्कार! मी म्हटलं, "काकू, त्यांनी तिथं मानसुद्धा लववली नव्हती, उलट भांडून आले!" तर म्हणाल्या, "मग शिक्षा असेल." घ्या! चमत्कार आणि शिक्षा एकच कशी असेल, हे मी विचारलं, तेव्हापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

परत आल्यावर हिंगोलीत डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बोटं दाबून, हातोडी मारून बघितली. म्हणाले, "या हातानं हे शक्य नाही. डावा असेल, तुमचा गोंधळ झाला." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, उजवं-डावं मला पहिलीत शिकवलंय." ते चिडले. चिडू देत.

दिवाळी संपली आणि जवळा बाजारचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. दादा होता, शेजारपाजारचे जमले होते, त्यात माझ्या शाळेतल्या पोरांचे आईबापही. मेंढरं वाघरीच्या जाळीत उभी होती. आबा उठले आणि जाळीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"न्हाई इकायची."

दादा कळवळून म्हणाला, "आबा, एका हातानं कसं करता? परत मेंढी अडली तर कोण सोडवणार?"

"सोडवली की म्या."

"कवा?"

"तिकडं हिमालयात. इचार तुह्या बहिणीला."

लोक हसले. व्यापारी तर तोंडाला रुमाल लावून हसला. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. खरं सांगते, 'आबांना भास झाला' एवढं म्हटलं असतं, तर माझी इज्जत शाबूत राहिली असती आणि कळप टेम्पोत चढला असता. व्हरांड्यातल्या प्रयोगांवर, त्या मांत्रिकाला हाकलण्यावर उभं राहिलेलं माझं सगळं नाव त्या एका उत्तरात जाणार होतं. आबा माझ्याकडं बघत नव्हते. ते मेंढरांकडं बघत होते.

"व्हय," मी म्हटलं. "उजव्या हातानं सोडवली. मी बॅटरी धरली व्हती. ज्याला हसायचंय त्यानं माझ्या तोंडावर हसावं."

हसले ना, चांगले हसले. पण दादा हसला नाही. "तू म्हणून राहिली हे? तू?" तो दोनदा म्हणाला. मग व्यापाऱ्याला म्हणाला, "भाऊ, टेम्पो ने परत."

मला पुढं कितीतरी दिवस 'हिमालयवाल्या बाई' म्हणून चिडवलं. मांत्रिकाची माणसं मुद्दाम शाळेवरून जायची. मी त्यांना तिथंही सोडलं नाही. एक गोष्ट मला समजत नाही म्हणून तुमची लिंबं खरी होत नाहीत, असं तोंडावर सांगितलं.

आबा पुन्हा मेंढरांत गेले. पोटभर जेवू लागले. पुढल्या वेळी मेंढी अडली तेव्हा शेजारी बसून सांगत राहिले आणि दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या दादानं बाह्या वर करून हात घातला. त्यानंतर बरीच वर्षं आबा जगले. तो उजवा हात पुन्हा कधीही हलला नाही. एकदाही नाही.

कारण मला आजही माहीत नाही. कुणी पटेल असं सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे, पण 'काही झालंच नाही' असं सांगणाऱ्यानं माझ्या वाटेला जाऊ नये. आबांना मी शेवटच्या दिवसांत विचारलं होतं, "आबा, हात कसा काय हालला हो तेव्हा?"

ते वैतागले. "हाताचं काहून इचारून राहिली? कोकरू जितं निघालं का न्हाई?"

जितं निघालं होतं. मी पाहिलंय.