दोन फूट जास्त

नेटकॅफेत तो कायम माझ्या शेजारच्या मशीनवर असायचा. नाव मी विचारलं नाही. तोही मला ‘पावणं’च म्हणायचा. कोल्हापूरकरांच्या चॅटरूममध्ये सगळे गप्पा हाणायचे, हा एक अक्षर लिहायचा नाही. त्याचा प्रोग्राम लिहायचा. कुणी ‘पाणी’ टाइप केलं की प्रोग्राम एका वेबसाइटवरनं पंचगंगेची पातळी उचलून रूममध्ये टाकायचा.

“सॉकेट उघडलाय, पावणं. तिकडनं वडायचं, हिकडं वतायचं.”

मी खुळ्यासारखं भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटकडं बघितलं; तो दोन कॉम्प्युटरमधल्या जोडणीबद्दल बोलत होता.

पुरात ती वेबसाइट बंद पडली, तरी आकडे येतच राहिले. मग दिसलं, तो सायकलवरनं पुलाजवळ जाऊन पातळीच्या खुणा बघून यायचा आणि चिखलाच्या पायांनी प्रोग्रामच्या नावानं आकडा लिहायचा.

“स्वतःच्या नावानं लिहा की,” मी म्हणालो.

“माणूस बोलला की लोक वाद घालत्यात. मशीनसंगं कोण भांडत न्हाय.”

खाली नदीकाठच्या कुरुंदवाडला माझी आई घर सोडायला तयार नव्हती. कॅफेतनं दोनदा फोन करून ओरडलो, ती हलेना. मग स्क्रीनवर आलेला नवा आकडा सांगितला, तेव्हा मुकाट्यानं मामाकडं गेली.

पूर ओसरल्यावर त्याला हे सांगितलं. स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला, “ठावं हाय. तुमी वरडत हुता, म्हणून दोन फूट जास्त लिवलं.”

पाणी आमच्या कुरुंदवाडच्या घराच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं होतं. त्याचे पाय धरावेत की गचांडी, मला अजून कळलेलं नाही.